दाजी, दवाखाना सुरळीत चालू आहे

दाजी, तुमच्या पुण्यानुमोदनाला साहेब आले होते. माजी सैनिकांच्या दवाखान्याचा कारभार ज्यांच्या हातात आहे, तेच. दारापर्यंत जीप आणली, फौजेतल्या तुमच्या फोटोला झेंडूचा हार घातला, बुद्धवंदना संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "फार मोठा माणूस गेला. त्यांच्यामुळे आपला दवाखाना कधी बंद पडला नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्कानं लांबूनच माझ्याकडं पाहिलं, म्हणून मी मुकाट्यानं उठून अंगणात गेलो. तुम्ही असतात तर म्हणाला असता, "पाव्हणं, लय तापू नका, आधीच उन्हाळा हाय."

तुम्ही नाही, म्हणून आता मी तापणार. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, पण आपल्या दोघांत रीत कधी चालली? मी तुमच्या बायकोचा धाकटा भाऊ. लग्न बौद्ध पद्धतीनं झालं तरी कानपिळीचा मान मी सोडला नव्हता, भर मांडवात तुमचा कान पिळला होता. तुम्ही सुट्टीवर आलेले फौजी, मी चड्डीतला पोरगा. "जरा जोरात पिळा, पाव्हणं, जनमभर याद राहिली पाहिजे," असं तुम्हीच म्हणाला होतात. तो हक्क मी कधी सोडला नाही, आणि आजही सोडत नाही. तुमच्यावर मी रागावलेलो आहे. साहेबांवर जास्त, पण तुमच्यावरही.

एकाहत्तरच्या लढाईहून तुम्ही परत आलात तेव्हा जिंतूरच्या स्टँडवर तुम्हाला घ्यायला मीच आलो होतो. एसटीतून आधी पत्र्याची पेटी उतरली, मग काठी, मग तुम्ही. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पुण्याला फौजेनं बसवून दिलेल्या लाकडी पायावर तुम्ही असे काही उभे राहिलात की जणू तोच पहिल्यापासूनचा आहे. माझ्या डोळ्यांना धार लागली, तर म्हणालात, "रडायलाव कशाला? आता काटा मोडला तर एकाच पायात मोडंल." मी रडता रडता हसलो. त्या दिवशी मला वाटलं होतं की देशानं तुमचा पाय घेतला खरा, पण आता तो तुम्हाला सांभाळील. मी तेव्हा सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नुकताच कामाला लागलो होतो, जग पाहिलेलं नव्हतं.

सुरुवातीला सांभाळलंही, ते नाकारून चालणार नाही. परभणीत तुम्हा लोकांसाठी दोन खोल्यांचा दवाखाना होता. मंगळवारी डॉक्टर यायचे. एक कंपाउंडर होता, आणि जखमा धुऊन पट्टी बांधणारा एक ड्रेसर. लाकडी पाय कुठं घासतो का, पट्टा ढिला झाला का, हे तो ड्रेसर गुडघ्यावर बसून बघायचा. मांस आटलं की पाय सैल होतो, मग डॉक्टर चिठ्ठी देणार, त्या चिठ्ठीवर पुण्याला नवा साचा मिळणार, असा सगळा सरळ कारभार होता. पहिल्या मंगळवारी मी तुमच्यासोबत आलो होतो. त्या ड्रेसरनं तुमचा गुडघ्यापर्यंत उरलेला पाय मांडीवर घेतला आणि "दुखतं का हो?" असं विचारलं. तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही कायमच नाही म्हणायचात.

मग दुष्काळ आला, गेला, आणि त्याच्या मागून वरून हुकूम आला: काटकसर करा. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. ड्रेसरचं वय झालं, तो घरी बसला, त्याची जागा रिकामी. डॉक्टरांची बदली झाली, तीही जागा रिकामी. कंपाउंडर बढती घेऊन दुसरीकडं गेला, तीही. राहिला एकटा शिपाई, गफूरभाई. तो सकाळी कुलूप काढायचा, झाडून घ्यायचा, माठ भरायचा आणि स्टुलावर बसायचा. देशाला काटकसर करायचीच होती, तर ती कुठून सुरू करावी? तुमच्या पायापासून!

आणि गंमत बघा. माणसांवर बंदी होती, सामानावर नव्हती. कापूस, स्पिरिट, मलम, पट्ट्या यांची खोकी ठरल्या वेळी वरून येतच राहिली. खोकं फोडायचा अधिकार कंपाउंडरचा, कपाटाची चावीही त्याच्याच ताब्यातली. तो गेला तशी ती साहेबांच्या कचेरीत जमा झाली. गफूरभाई खोक्यावर खोकं रचून ठेवायचा आणि हात जोडून तुम्हा सगळ्यांना सांगायचा, "सब है भाई, दवा है, पट्टी है. मगर मेरे कू हात लगाने का हुकूम नै." काचेच्या कपाटात स्पिरिटच्या बाटल्या रांगेत उभ्या आणि बाहेर ओसरीवर तुम्ही रांगेत उभे. मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलात तर तिथले म्हणायचे, तुमच्यासाठी वेगळा दवाखाना काढलाय ना, तिकडं जा. असा चेंडू टोलवायचा खेळ चालला होता, आणि चेंडूला एक पाय कमी होता.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. तुम्ही मंडळी दर मंगळवारी यायचात. हे मला कधी कळलंच नाही. जिंतूरहून एसटीत उभं राहून यायचं, कुलूप उघडलेल्या पण माणूस नसलेल्या दवाखान्यापुढं रांग लावायची, आणि परत जायचं. मी विचारलं तेव्हा तुम्ही मला फौजेचा कायदा सांगितलात. "पहाऱ्यावरला गडी बदली आल्याबिगर जागा सोडत न्हाई, पाव्हणं. बदली येती. उशीर होतो, पर येती." मी म्हणालो, "दाजी, ती फौज होती, ही कचेरी आहे." तुम्ही म्हणालात, "सरकार तर एकच हाय न्हवं?" ही चूक फक्त फौजीच करू शकतो. आम्ही गावातली माणसं सरकारला लहानपणापासून ओळखतो.

तुमची रांग मात्र बघण्यासारखी असायची, हे कबूल करतो. आधी कोण आला याला तिथं मान नव्हता, हुद्द्यालाही नाही. ज्याची जखम मोठी तो पुढं. सुभेदार म्हणजे शंभर एकरांचे मालक, गावात आपल्या आळीकडं कधी न फिरकलेले, पण त्या ओसरीवर तुमच्या मागं उभे राहायचे, कारण त्यांची टाच तुमच्या पायापेक्षा बरी होती. आणि सगळ्यांच्या पुढं लिंबाजी. ब्रह्मदेशच्या लढाईपासून त्याच्या नडगीवरची जखम भरली नव्हती. एका मंगळवारी ती इतकी चिघळली होती की रांगेतल्या माणसांनी तोंड फिरवलं. तुम्ही फिरवलं नाही. गफूरभाईकडून पाणी मागितलं, काठी बाजूला ठेवली, बाकड्यावर बसलात आणि त्याचा पाय मांडीवर घेतलात.

तिथून तुमचा दवाखाना सुरू झाला. अक्का जुनी धोतरं फाडून, उकळून, कडक उन्हात वाळवून तुमच्या पत्र्याच्या पेटीत भरून द्यायची. प्रथमोपचार फौजेनं शिकवलेलेच होते. सरकारी पट्ट्या आत खोक्यात, अक्काच्या धोतराच्या पट्ट्या बाहेर. लोक तुम्हाला फौजेतल्या हुद्द्यावरून नाईकसाहेब म्हणायचेच, आता डाक्टर म्हणायला लागले. तुम्ही लाजायचात, पण तुम्हाला ते आवडायचं, खोटं बोलू नका.

आणि मग सुभेदार साहेबांकडं गेले, रिकाम्या जागांचं काय झालं ते विचारायला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. साहेब हसून म्हणाले होते, "सुभेदार, मी स्वतः येऊन पाहून गेलो. छान चाललंय की तुमचं! वरती कळवून टाकलंय मी, दवाखाना सुरळीत चालू आहे. मग आता जागा भरा म्हणून कोणत्या तोंडानं मागू?"

त्यावरून आपलं भांडण जुंपलं. तुमच्या घरी, जेवताना. अक्का भाकरी थापत होती. मी म्हणालो, "दाजी, उद्यापासून हात आखडता घ्या. तुम्ही फुकट राबताय म्हणून त्यांना माणूस नेमावा लागत नाही. तुम्ही बांधलेल्या पट्टीखाली जखम झाकली जात नाही, त्यांचं पाप झाकलं जातं." तुम्ही हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवलात.

"मंग लिंबाजीला काय सांगू? तुज्या पायात किडे पडू दे, म्हंजी सरकार माणूस धाडंल?"

"होय. हेच सांगा."

"तुमी सांगा, पाव्हणं. मंगळवारी या अन् त्याच्या तोंडावर सांगा."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. अक्कानं आपल्या दोघांच्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "दोघंबी खरं बोलायलाव, अन् दोघंबी उपाशी उठायलाव." तुम्ही हसलात. भांडण तिथंच राहिलं. मग प्रत्येक भेटीत ते पुन्हा निघायचं, सणाला, लग्नात, एसटीची वाट बघताना. ना तुम्ही हरलात, ना मी.

स्वातंत्र्यदिनाला तर कहर झाला. तुम्हा सगळ्यांना मांडवात खुर्च्यांवर बसवलं. साहेबांनी प्रत्येकाच्या गळ्यात हार घातला, पेढा दिला, वीर जवानांचं ऋण कधी फिटणार नाही असं भाषण केलं. टाळ्या वाजल्या. लिंबाजीला खुर्चीवरून उठता येईना, तर त्याला दोघांनी धरून उभं केलं, फोटोसाठी. मी मागं उभा राहून दात खात होतो. कार्यक्रम आटोपल्यावर तुम्ही हार हातात गुंडाळत माझ्याजवळ आलात आणि हळूच म्हणालात, "हार घालायच्या जागंवर बंदी न्हाई, पाव्हणं. ती भरलेली हाय." तेवढ्यापुरता माझा सगळा राग उतरला. दाजी, तुमच्यासारखं बोलणारा माणूस आता मला कुठं भेटणार?

पण आता ज्याच्यासाठी मी तुमच्यावर रागावलोय ते सांगतो. तुमचा उरलेला पाय आटत चालला होता. लाकडी पाय सैल झाला होता, चालताना आत खुळखुळायचा. नवा साचा पुण्याला मिळणार, त्याला डॉक्टरची चिठ्ठी हवी, डॉक्टरची जागा रिकामी. मग अक्कानं तुमच्या फौजेच्या हिरव्या जर्सीची एक बाही कापली, तळ शिवून घेतला, आणि तुम्ही ती उरलेल्या पायावर मोज्यासारखी चढवली. पाय घट्ट बसला. पुढं तीही झिजली, तेव्हा दुसरी बाही गेली. तुम्ही बिनबाह्यांची जर्सी घालून फिरायचात आणि विचारलं तर सांगायचात की हवा येती.

दर मंगळवारी तुम्ही सगळ्यांच्या पट्ट्या बांधायचात आणि शेवटी स्वतःची. तुमच्या जखमेवर कुणाचीच नजर नव्हती. पुढची बाजू तुम्हाला दिसायची. मागची तुम्ही दाढीच्या आरशात बघायचात, आणि जेवढी आरशात मावायची तेवढीच बघायचात. सुभेदार म्हणाले होते, "नाईक, दाव की मला." तुम्ही म्हणालात, काही नाही, घासलंय जरा. जखम मोठी तो पुढं, हा नियम तुम्हीच केला होता ना? मग स्वतःच्या वेळी तो का मोडलात? सगळ्यांत मोठी जखम रांगेच्या शेवटी उभी होती आणि तिला काही झालंच नाही म्हणत होती. सांगा ना दाजी. आज मी विचारतोय आणि तुम्ही हसून टाळू शकत नाही.

अक्काला वास आला तेव्हा तुम्ही दोन दिवस तापात होता. तिनं लगोलग सांगावा धाडला, मी सेलूहून धावत आलो, तुम्हाला घेऊन परभणीला गेलो. ह्या वेळी मोठ्या दवाखान्यात कुणी परत पाठवलं नाही, माणूस मरायला टेकला की दारं उघडतात. तिथला डॉक्टर तरुण होता, बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. त्यानं पाय उचलून मागून पाहिलं आणि ओरडलाच, "अहो, विष रक्तात गेलंय! इतके दिवस हे कुणी पाहिलं नाही?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "बघणाऱ्याची जागा रिकामी हाय, डाक्टरसाहेब."

संध्याकाळी तुम्हाला जरा हुशारी आली. माझा हात धरलात आणि म्हणालात, "पाव्हणं, मंगळवारी त्या लोकांना माघारी लावू नका." तुम्ही आपल्या भांडणाचा शेवटचा डाव टाकत होता, हे मला तेव्हाही कळलं. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तुमची चादर सारखी केली. सकाळी तुम्ही गेलात. बदली आली नाही, दाजी. शेवटपर्यंत आली नाही.

तर साहेब. मी अंगणातून परत आत आलो तेव्हा ते अक्काशी बोलत होते, अगदी मायेनं. "ताई, आता मंगळवारचं काय करायचं ते बघायला हवं. त्यांनी एवढी परंपरा घालून दिली आहे. त्यांच्या जागी तुमच्यातलाच कुणीतरी पुढं यावा, अशी माझी इच्छा आहे."

सुभेदारांनी मान खाली घातली. तीन दिवस न जेवलेली अक्का भिंतीला टेकून बसली होती, ती सरळ झाली. "साहेब, काय म्हणलाव? त्यांच्या जागी?"

"हो, त्यांच्या जागी."

"म्हंजी जागा हाय. मला वाटलं, जागाच न्हाई."

साहेबांनी कप खाली ठेवला. वरचे हुकूम, बंदी, माझ्या हातात काय आहे, असं काहीबाही बोलले आणि निघाले. जीप सुरू होईपर्यंत आमच्यातलं कुणी उठलं नाही.

पुढच्या मंगळवारी अक्का पेटी घेऊन निघाली. मी तिच्यासोबत गेलो, आणि खरं सांगतो, तुमची विनंती मोडायलाच गेलो होतो. ओसरीवर उभं राहून सगळ्यांना सांगणार होतो की घरी जा, आता इथं कुणी पट्टी बांधणार नाही, सरकारला कळू दे. रांग लागलेली होती. गफूरभाईनं पाण्याची बादली भरून ठेवली होती. लिंबाजीनं मला पाहिलं आणि पाय बाकड्यावर ठेवला. पट्टी दोन आठवड्यांची होती. तुम्ही सांगितलंच होतं, त्याच्या तोंडावर सांगून दाखवा म्हणून. ते होत नाही, दाजी. मी खाली बसलो आणि पट्टीच्या गाठीला हात घातला.

"थांब," अक्का म्हणाली. "बांधायचं हाय. पर हितं न्हाई."

"मग कुठं?"

"दवाखाना सुरळीत चालू हाय म्हून जिथनं लिव्हून जातंय, तिथं."

आपण दोघं एवढे भांडलो आणि हे आपल्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही! तुम्ही म्हणत होता पट्टी बांधायची, मी म्हणत होतो जखम दिसली पाहिजे. भाकऱ्या थापता थापता तिनं आपल्या दोघांची बाजू ऐकून ठेवली होती. सुभेदारांनी तिच्याकडं पाहिलं, मग टाच न टेकवता ताठ उभे राहिले आणि अशा आवाजात हुकूम दिला की रस्त्यावरचे टांगेवाले वळून बघायला लागले. लिंबाजीला टांग्यात बसवलं. मी बाकडं उचललं, तर गफूरभाई आडवा आला. "सरकारी माल है, बाहर ले जाने का हुकूम नै." आणि एवढं बोलून त्यानं बाकड्याचं दुसरं टोक स्वतः धरलं.

कचेरीच्या ओसरीवर, साहेबांच्या दारासमोर, आम्ही बाकडं मांडलं. ज्याची जखम मोठी तो पुढं. मी लिंबाजीची पट्टी सोडली. वास आत शिरला तसे कारकून नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि जखम पाहून जागीच थबकले. कामासाठी आलेले लोक भोवती गोळा झाले. अक्कानं तुमची पेटी उघडून माझ्या शेजारी ठेवली. माझ्या हाताला सवय नाही, पट्टी वाकडी बसत होती. लिंबाजी म्हणाला, "नाईकसाहेबाचा हात न्यारा व्हता." मी म्हणालो, होय, होताच.

तेवढ्यात दार उघडून साहेब बाहेर आले. समोर बघून दचकले, आणि मग सगळ्या लोकांदेखत ओरडले, "इथं हे काय चालवलंय तुम्ही?"

अक्कानं पदर सारखा केला आणि उकळलेलं फडकं माझ्या हातात दिलं.

"दवाखाना, साहेब," ती म्हणाली. "सुरळीत चालू हाय. लिव्हून कळवा वर."

साहेब दारातच उभे राहिले. आम्ही पुढच्या माणसाचा पाय बाकड्यावर घेतला.